आधी माती, मग नकाशा

मुंबईचा पश्चिम किनारा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पूर्व किनारा मात्र मुंबईत जन्म काढलेल्या माणसालाही हार्बर लाइनच्या खिडकीतून तुकड्यातुकड्यानेच दिसतो. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतची सुमारे 1,800 एकर जमीन 1873 साली स्थापन झालेल्या बॉम्बे पोर्ट ट्रस्टकडे, म्हणजे आजच्या मुंबई बंदर प्राधिकरणाकडे आहे. 1989 साली न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, माल हळूहळू खाडीपलीकडे गेला आणि इथली गोदामं ओस पडत गेली. 2014 साली राणी जाधव समितीने या किनाऱ्याच्या पुनर्विकासाची दिशा मांडली. 2018 मध्ये बंदरालाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि आराखड्याचा मसुदाही आला. तेव्हापासून चर्चा आहे ती बागांची, क्रूझ टर्मिनलची, चटईक्षेत्राची. या जमिनीत काय मुरलं आहे, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी.

पुढच्या संवादातले मामा गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले, राहायला शिवडीला. भाची पर्यावरण अभियंता. दूषित जमिनींची तपासणी हेच तिचं काम. किनारा लोकांना मिळावा असं दोघांनाही मनापासून वाटतं. वाद आहे तो आधी काय आणि नंतर काय याचा.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. शिवडीहून माझगावपर्यंत चालत जा. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण दिसतो का कुठे? भिंत, पत्रे, गेट आणि गेटवर पहारेकरी. आमच्या कामगार वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे पाठ करून दिवस काढले. आता बंदराला यातली बरीच जमीन लागत नाही. मग करा मोकळी! घरं बांधा, बागा करा, लोकांना पाण्यापर्यंत जाऊ द्या. तू म्हणतेस, आधी तपासू. आपल्याकडे ‘आधी तपासू’ म्हटलं की एक पिढी जाते.

भाची : मी थांबा म्हणत नाही मामा, मी क्रम सांगतेय. तू ज्याला मोकळी जमीन म्हणतोस ती सगळी एका जातीची नाही. गोदामात कापूस आणि धान्य साठवलं ती जागा वेगळी, हाजी बंदरावर कोळशाचे ढीग लागायचे ती वेगळी, तेलाच्या टाक्यांची वेगळी. आणि दारूखान्याचा किनारा, जिथे शंभरएक वर्षं जहाजं तोडली, तो तर सगळ्यांत वेगळा. नकाशावर चारही जागांना एकच रंग देऊन वर इमारती आखल्या, तर फसगत तिथे राहायला येणाऱ्यांची होणार.

मामा : दारूखाना मला नको सांगूस. 2014 साली विक्रांत तोडायला आणली तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो. 71च्या युद्धातली बोट. डोळ्यांत पाणी आलं. पण एक सांगतो, त्या बोटीचा खिळासुद्धा वाया गेला नसेल. दारूखान्यात सगळं विकलं जातं. पत्रा, पितळ, दोरखंड, संडासाची भांडी, खलाशांच्या गाद्या. कचरा म्हणतात तसा तिथे राहतच नाही.

भाची : विकलं जातं ते जातं. जे विकलं जात नाही ते तिथेच राहतं. जुन्या जहाजात पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असतं, रंगात शिसं असतं. तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून कथिलाचं विषारी संयुग असलेला रंग लावायचे. 2008 साली त्यावर जगभर बंदी आली, पण त्याआधीचे थर खरवडून पडले ते चिखलातच. ओहोटीच्या वेळी अशा किनाऱ्यावर नळी खुपसून चिखलाचा नमुना वर काढला, की वरचा बोटभर थर तपकिरी दिसतो. त्याखाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास येणारा. त्यात गंजाच्या खपल्या, रंगाचे पापुद्रे. बोटांत चुरडलं तर तेलाची तकाकी उरते.

मामा : तो वास आम्हाला नवीन नाही.

भाची : वास येतो तोवर एका अर्थी बरं असतं. त्या काळ्या थरात प्राणवायू पोचत नाही, म्हणून शिसं, कॅडमियम, जस्त हे धातू गंधकाशी बांधलेले राहतात. पोकलेन लावून तो चिखल उपसला, की हवा लागते, बंध सुटतो आणि धातू पाण्यात उतरायला लागतात. घाईने साफ करायला जावं आणि विष जास्तच मोकळं व्हावं, असं होऊ शकतं. म्हणून कुठे खणायचं, कुठे हात लावायचा नाही, हे आधी कळायला हवं.

मामा : मग खणूच नका. वरून दोन-तीन मीटर चांगल्या मातीचा भराव टाका, काँक्रीट करा, बांधा. निम्मी मुंबई भरावावरच उभी आहे. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, शंभर वर्षं झाली, दिमाखात उभी आहे.

भाची : बॅलार्ड इस्टेटचा भराव ताज्या खोदाईचा होता. ती माती कारखान्यातून किंवा भंगारातून आलेली नव्हती. इथे आच्छादन घालायला माझी हरकत नाही, काही ठिकाणी तोच सगळ्यांत शहाणा उपाय असेल. पण आच्छादन पावसाचं पाणी वरून आत जाऊ देत नाही, एवढंच. मुंबईत मोठी भरती साडेचार मीटरच्या वर चढते. दिवसातून दोनदा ते पाणी जमिनीखालून आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. जाताना जे विरघळेल ते घेऊन जातं. बाजूने अडवणारी भिंत खोलवर घातली नाही, तर नुसतं वरून झाकणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

मामा : आणि ते घेऊन जातं कुठे? समुद्रात. समुद्र केवढा!

भाची : समुद्रात नाही, शिवडीच्या चिखलपट्ट्यावर. नव्वदीच्या दशकापासून हजारो फ्लेमिंगो तिथे येतात. लोक कॅमेरे घेऊन जातात, त्यांना पक्षी दिसतो. त्याच चिखलात निवट्या आहेत, चिंबोऱ्या आहेत, आणि त्या पकडून विकणारी, घरी रांधणारी माणसं आहेत. चिखलातलं विष ताटापर्यंत यायला फार लांबचा रस्ता लागत नाही.

मामा : ठीक. आता माझं ऐक. कौला बंदरात माणसं राहतात. आज राहतात, आत्ता. जमीन केंद्राची, म्हणून वर्षानुवर्षं राज्याच्या झोपडपट्टी योजना तिथे लागू झाल्या नाहीत. नळ नाही, म्हणून पाणी विकत घेऊन पिंपं भरायची. पोरं अनवाणी त्याच मातीत खेळतात. तू अहवाल लिहीपर्यंत त्यांनी काय करायचं? श्वास रोखून धरायचा? विषाचं तू मला सांगतेस, पण तुझ्या प्रत्येक वर्षाच्या उशिराचं विष त्यांच्या अंगात जातंय. घर बांधून त्यांना चौथ्या मजल्यावर नेलं, तर निदान जमिनीवरून तरी उठतील.

भाची : हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. अगदी मान्य. शिशाचा सगळ्यांत जास्त मार लहान मुलांना बसतो; मातीतले हात तोंडात जातात आणि मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. म्हणून पहिलं काम माणसांना तिथून सुरक्षित जागी नेण्याचं. त्यासाठी अहवालाची वाट बघायची गरज नाही. पण नेणार कुठे? तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या आणि लोकांना माहुलला पाठवलं. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. 2015 साली हरित लवादाने तिथल्या हवेचा आरोग्याला धोका आहे असं म्हटलं, तरी त्यानंतरही लोक तिथे जातच राहिले. शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की त्यांना दुसरीकडे राहता यावं म्हणून महिना 15 हजार रुपये भाडं द्या. गरिबाला घर दिलं म्हणजे उपकार झाले, ते कुठे दिलं हे विचारायचं नाही, ही रीत मोडायला हवी.

मामा : माहुलचं नाव काढलंस, आता बोलू नकोस. आमच्या ओळखीची माणसं गेली तिथे.

भाची : म्हणूनच सांगते. तपासणी न करता दारूखान्यावर पुनर्वसनाच्या इमारती उभ्या केल्या, तर आपण आपल्या हाताने दुसरं माहुल बांधू.

मामा : बरं, पैशाचं बोल. तुझी ती भिंत, ती तपासणी, ती माती धुणं, याला खर्च कोण करणार? सरकार नुसती माती साफ करायला पैसे काढणार नाही, हे मी लिहून देतो. पैसा जमिनीत आहे. काही भाग विका, टॉवर उभे राहू देत, त्यातून सफाईचा खर्च काढा. जमीन नुसती धरून बसलात तर विषही राहील आणि पैसाही येणार नाही.

भाची : जमिनीतून पैसा काढायला माझा विरोध नाही. पण भाव आधी ठरला, की माती किती साफ करायची हे भाव ठरवतो. कोडाईकनालला पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना होता. 2001 साली बंद पडला. त्यानंतर वर्षानुवर्षं वाद कशावर? किलोभर मातीत 20 मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल, की त्याहून कडक मर्यादा हवी. साफसफाईचा खर्च त्या एका आकड्यावर ठरत होता. इथे एका फ्लॅटची किंमत कोटींत जाणार. मग आकडा कोणाच्या सोयीने ठरेल, तूच सांग.

मामा : आणि कायदा काय करतोय?

भाची : कायदा आता आहे. ज्याने घाण केली त्याने भरपाई करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच राजस्थानातल्या बिछडीच्या प्रकरणात ठामपणे सांगितलं. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जमिनींसाठी स्वतंत्र नियमही काढले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढे सविस्तर तपासणी, मग जबाबदार कोण ते शोधून त्याच्याकडून खर्च घ्यायचा. उणीव एकच मोठी. सफाई किती दिवसांत संपवायची, याची मुदत त्यात नाही.

मामा : बघ! मी काय म्हणत होतो? मुदत नाही म्हणजे काम नाही.

भाची : म्हणून मुदत आपण मागायची. काम सोडून द्यायचं नाही.

मामा : आणि जबाबदार तरी कोण सापडणार? जहाज तोडणाऱ्यांतले किती जण धंदा गुंडाळून गेले. भाडेकरू बदलले, पोटभाडेकरू आले.

भाची : पण कागद आहेत ना? प्लॉट भाडेपट्ट्याने दिलेले. भाडं बंदराने घेतलं. आलेल्या प्रत्येक जहाजाची सीमाशुल्क खात्याकडे नोंद. कुठल्या प्लॉटवर काय चाललं, हे शोधता येतं. शिवाय कागदात नसलेलं तुला माहीत आहे.

मामा : मला? मला काय माहीत असणार?

भाची : केबल कुठे जाळायचे?

मामा : ते सगळ्यांना माहीत होतं. गोदामाच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत. रबर-प्लास्टिक जाळून आतलं तांबं काढायचं. संध्याकाळी धूर यायचा, घशात बसायचा. सकाळी राख तिथेच पसरून टाकायची, खड्डे भरायला बरी म्हणून. आणि बोटीच्या तळातलं काळं पाणी पंपाने काढायचे ते गटारात. गटाराचं तोंड कुठे उघडतं तेही सांगतो. तिथे कधी गवत उगवलं नाही.

भाची : हेच! तपासणीची पहिली पायरी म्हणजे जागेचा इतिहास. जाळलेल्या केबलच्या राखेत शिसं असतं, डायऑक्सिन असतं. तू दाखवलेल्या भिंतीलगत चार नमुने घेतले, तर आंधळेपणाने घेतलेल्या चाळीस नमुन्यांपेक्षा जास्त कळेल. तुझ्याबरोबरची माणसं सत्तरीच्या पुढे गेली. ही माहिती कोणी उतरवून घेतली नाही तर ती त्यांच्याबरोबरच जाईल. उशीर नको हे तुझं म्हणणं इथे सगळ्यांत खरं आहे.

मामा : हे बोललीस ते पटलं. पण एक भीती सांगतो. गिरणगावात आम्ही हेच पाहिलं. 1991चा नियम होता, गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 96 साली चार्ल्स कोरियांच्या समितीने आराखडासुद्धा दिला. वर्षं गेली, काही हललं नाही. मग 2001 साली नियमच बदलला. वाटे पडणार ते फक्त रिकाम्या जमिनीचे. गिरण्यांच्या इमारती होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. लोकांच्या वाट्याला चतकोर आला. तू तपासण्या करत बसशील आणि मागच्या दाराने नियम बदलतील. म्हणून म्हणतो, लोकांचा वाटा आहे तोवर घेऊन टाकू, माती कशीही असो.

भाची : गिरण्यांचा धडा मी उलटा वाचते. तिथे वाटणी कागदावर होती, पण ती जमिनीत रोवलेली नव्हती. इथे वाटणी आणि तपासणी एकदमच बांधू. लोकांचा वाटा किती, हे आधी कायद्याने पक्कं करायचं. तो वाटा कुठे, हे माती सांगेल. नाहीतर बघ काय होईल. स्वच्छ जमिनीवर टॉवर येतील, आणि ‘मोकळी जागा लोकांना दिली’ म्हणून जहाजतोडणीचा चिखल बाग म्हणून आपल्या गळ्यात मारतील. पोरं तिथेच खेळतील.

मामा : बाहेरच्या देशांत काय करतात?

भाची : चांगलंही करतात, चुकाही करतात. अमेरिकेत सिएटलला तलावाकाठी कोळशापासून गॅस बनवणारा कारखाना होता. 1956 साली बंद झाला, 1975 साली जुनी यंत्रं तशीच ठेवून तिथे सुंदर बाग केली. जगभर कौतुक झालं. पण 1984 साली दूषित मातीच्या तपासणीसाठी ती बाग काही काळ बंद करावी लागली, आणि काठाच्या गाळात विष असल्यामुळे तिथे पाण्यात उतरायला आजही बंदी आहे. बाग उघडली म्हणजे काम संपलं, असं नसतं.

मामा : म्हणजे कधी संपतच नाही?

भाची : जपानच्या मिनामाताचं बघ. कारखान्याने खाडीत पारा सोडला, मासे खाऊन माणसं लुळी झाली, मेली. 1977 ते 1990 अशी तेरा-चौदा वर्षं गाळ उपसून, पोलादी भिंतींच्या आत साठवून, वर माती घालून 58 हेक्टर जमीन तयार केली. आज तिथे बाग आहे. लोक येतात, मृतांचं स्मरण करतात. पण त्या पोलादी भिंती कायमच्या नाहीत, त्यांची देखरेख पुढच्या पिढ्यांना करावी लागणार. त्यांनी विष संपवलं नाही. ते कुठे आहे हे ठाऊक ठेवून त्यावर पहारा बसवला. प्रामाणिकपणे केलेलं काम बहुतेक वेळा असंच असतं.

मामा : आणि सगळी माती उचलून लांब नेऊन टाकली तर?

भाची : लांब म्हणजे तळोजा. घातक कचऱ्याची सोय तिथे आहे. थोडी अतिविषारी माती न्यावीच लागेल. पण शिवडी साफ करायला डंपरच्या रांगा लावून तळोज्याच्या लोकांच्या उशाशी ढीग लावायचा, हा न्याय नाही. भोपाळच्या वायुकांडाच्या कारखान्यातला 337 टन कचरा 2025 मध्ये पिथमपूरला नेला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले ते उगाच नाही. शक्य तेवढं जागच्या जागी: तेलकट मातीवर जिवाणूंकडून काम करून घ्यायचं, धातूंची माती सिमेंटसारख्या द्रव्याने बांधून टाकायची, गाळाला जिथे हात लावायची गरज नाही तिथे लावायचा नाही.

मामा : मग माझ्या अटी लिहून घे. एक, माणसं आधी हलवायची, आणि स्वच्छ जागी, शिवडी-वडाळ्याच्या आसपास, पोटापाण्याचं काम तुटणार नाही अशी. दोन, गोदामांची जी जागा तपासून चांगली निघेल ती लगेच उघडायची, दारूखान्याची सफाई संपण्याची वाट बघत ती अडवून ठेवायची नाही. तीन, सफाईला तारीख. चार, त्या सफाईच्या कामावर आमची माणसं घ्यायची. मास्क, बूट, दर वर्षी रक्ततपासणी देऊन. गॅसकटर उघड्या डोळ्यांनी चालवायचे दिवस परत नकोत.

भाची : चारही मान्य. माझ्या तीन जोड. प्रत्येक प्लॉटच्या तपासणीचे आकडे मराठीत, हिंदीत, उर्दूत लोकांसमोर लावायचे, आणि मालमत्ता पत्रकावर नोंद करायची, म्हणजे पन्नास वर्षांनी घर घेणाऱ्यालाही जमिनीखाली काय आहे ते कळेल. बांधकामाची परवानगी देण्याआधी सफाईचा आणि पुढच्या देखरेखीचा पैसा वेगळ्या खात्यात जमा करून घ्यायचा. आणि कुठल्या जमिनीवर घर, कुठल्यावर कार्यालय, कुठल्यावर काहीच नाही, हे मातीचे आकडे आल्यावर ठरवायचं.

मामा : काहीच नाही, हे मला अजून पटत नाही. मुंबईत जमीन रिकामी ठेवायची?

भाची : काही तुकडे ठेवावे लागतील. त्यावर आपलं भांडण चालू राहू दे.

या दोघांचं भांडण मिटलं नाही, आणि ते मिटवायची घाईही नको. पण दोघांच्या अटी एकमेकींशेजारी ठेवल्या, तर त्यांतून एकच मागणी उभी राहते. घाई आणि तपासणी एकमेकींच्या वैरी नाहीत. लपवाछपवी दोघींचीही वैरी आहे. उशीर होतो तो माती तपासल्यामुळे होत नाही. तपासणी टाळली, पुढे कोणीतरी आजारी पडलं, कोर्टात गेलं आणि बांधलेलं पुन्हा उकरावं लागलं, म्हणजे खरा उशीर होतो. ही जमीन सार्वजनिक आहे. तिच्यातून भाडं घेणारी संस्था सार्वजनिक आहे, नियोजनाचा अधिकारही तिच्याकडेच आहे. दुसऱ्या कुठल्याही दूषित जमिनीपेक्षा इथे प्रामाणिकपणे काम करणं सोपं असायला हवं.

म्हणून पूर्व किनाऱ्याची पहिली निविदा बांधकामाची नसावी. ती मातीच्या तपासणीची असावी. तिचे निकाल शिवडी, रे रोड, कॉटन ग्रीन आणि कौला बंदरच्या प्रत्येक घरापर्यंत पोचावेत. आणि ते पोचेपर्यंत एकाही प्लॉटचा भाव ठरू नये. ज्यांनी या किनाऱ्यावर घाम गाळला आणि धूर गिळला, त्यांना आपल्या पायाखाली काय आहे ते सगळ्यांत आधी कळण्याचा हक्क आहे.